पोचवतो म्हणाला

(छोटं किराणा दुकान, दुपारची सामसूम. गल्ल्यामागे बहीण, पायरीवर तिचा धाकटा भाऊ. बाहेर त्याचा सोड्याचा रिकामा टेम्पो.)

धाकटा : तर मग गेल्या कुठे? पाय फुटले त्यांना?

ताई : ते मला काय विचारतोस? मी दिल्या. माझ्या या हातांनी उचलून दिल्या. तुझ्याकडे पोचल्यावर तू त्यांचं काय केलंस ते तुझं तुला ठाऊक.

धाकटा : पोचल्या असत्या तर या उन्हात दारोदार फिरलो असतो का मी? ताई, तुझ्या दुकानातून माझ्याकडे एक बाटली परत आलेली नाही. फुटकीसुद्धा नाही.

ताई : म्हणजे मी खोटं बोलते.

धाकटा : मी तसं म्हणालो?

ताई : तोंडानं नाही म्हणालास. भुवया म्हणताहेत. बाबांच्यासारख्या वर गेल्यात.

धाकटा : भुवयांचं राहू दे. मला मागचं अंगण बघू दे.

ताई : बघ ना! झडती घे! माळा बघ, मोरी बघ, माझं कपाट उघडून बघ. सख्खा भाऊ इतक्या दिवसांनी उगवला तो बहिणीच्या घराची झडती घ्यायला. थांब, शेजारणीला बोलावते, तिलाही जरा करमणूक होईल.

धाकटा : ओरडू नकोस. दाजी कुठायत?

ताई : मालाला गेलेत. संध्याकाळशिवाय येत नाहीत. त्यांच्यावर घालणार आहेस आता?

धाकटा : कुणावरच घालत नाही मी. बाटल्या शोधतोय. आलो बघून.

ताई : हो, जा. दाराच्या मागे बघायला विसरू नकोस. ... झालं? मिळालं घबाड?

धाकटा : त्या कोल्ड्रिंक कंपनीचे क्रेट आहेत. नवेकोरे, चकचकीत. भिंतीपर्यंत लागलेत.

ताई : दुकान आहे हे. माल असणारच.

धाकटा : माझा एकही नाही.

ताई : तू पाठवलास का? सांग की. किती दिवस झाले तुझा टेम्पो या गल्लीत वळून? गिऱ्हाइकं विचारून विचारून थकली, तुमच्या भावाचा लिंबूसोडा कुठाय म्हणून. मी काय सांगायचं? रुसलाय म्हणून?

धाकटा : ते मग बोलू. आधी बाटल्यांचं. ताई, तुला कळतंय का माझं काय चाललंय ते? उद्या सकाळी बस डेपोच्या कॅन्टीनला माल द्यायचाय. यंत्र तयार आहे, गॅसची टाकी भरून ठेवलीय, सरबताची पातेली झाकून ठेवलीत. आणि भरायला बाटली नाही! कॅन्टीनवाला बाबांच्या वेळचा माणूस, म्हणून आजवर थांबला. आता त्यानंही हात जोडले. म्हणाला, उद्या माल आला नाही तर कंपनीचा फ्रिज आणून बसवतो, मग माझ्याकडे येऊ नकोस.

ताई : एक कॅन्टीन गेलं तर काय आभाळ कोसळत नाही.

धाकटा : तेवढंच उरलंय माझ्याकडे. तो गेला की यंत्राला कुलूप.

ताई : काय सांगतोस? आणि बाकीची दुकानं?

धाकटा : सगळीकडे एकच गाणं. रिकाम्या बाटल्या? गेल्या की. कुणी नेल्या? तुमचाच माणूस होता ना? माझा कसला माणूस! मी एकटा आहे. भरतो मी, वाहतो मी, आता धुतोही मीच.

ताई : मग नव्या घे बाटल्या. एवढं काय रडायचं?

धाकटा : कुठून घेऊ? काचवाल्यानं आपला साचा भंगारात टाकला. बाबांचं नाव उठायचं तो साचा! मी गेलो तर म्हणतो, कंपनीचं काम घेतलंय, भट्टी त्यांनाच पुरत नाही. आणि प्लॅस्टिकचं म्हणशील तर ते यंत्रच निराळं, माझ्या सात पिढ्या विकल्या तरी यायचं नाही. जी काच गावात फिरतेय तेवढीच माझी. ती गेली की मी गेलो.

ताई : हं.

धाकटा : हं काय?

ताई : काही नाही. नाटक चांगलं करतोस एवढंच.

धाकटा : नाटक?

ताई : मग काय म्हणू? मला सगळं माहीत आहे. तू सांगितलं नाहीस तरी कळायचं ते कळतंच. कंपनीत गेलास ना? मग आता या बाटल्यांचं लोणचं घालणार आहेस का?

धाकटा : कोण कंपनीत गेलं?

ताई : तू! करारावर सही केलीस, यंत्र त्यांना विकलंस, आता त्यांचा वितरक होणार. बाबांनी हाडं झिजवून उभा केलेला कारखाना. विकलास तर विकलास, तुझ्या वाटणीचा आहे, माझा काही हक्क नाही. पण एक शब्द? मला हे परक्याच्या तोंडून कळावं? रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या.

धाकटा : ताई, शपथ घेऊन सांगतो, मी कंपनीचं दार पाहिलेलं नाही. कुणी सांगितलं तुला हे?

ताई : गाडीवाल्यानं.

धाकटा : कुठल्या?

ताई : कंपनीच्या. माल टाकायला येतो तो. गोरागोमटा, भांग पाडलेला, खिशाला पेन. चांगला मुलगा आहे रे. मला ताईच म्हणतो.

धाकटा : मलाही दादा म्हणतो.

ताई : तुला कुठं भेटला?

धाकटा : कारखान्यावर आला होता. दारातच उभा राहून बोलला. काय म्हणाला सांगू? म्हणाला, दादा, तुमच्या ताईंचा निरोप आहे. आता तुमचा सोडा टाकू नका म्हणाल्या. दुकानाला शोभत नाही, नव्या गिऱ्हाइकांना ते जुनाट वाटतं. तुम्हाला तोंडावर सांगायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून मी आलो.

ताई : मी? असं म्हणाले? मी?

धाकटा : तो म्हणाला.

ताई : आणि तू ऐकून घेतलंस! माझ्या तोंडी असलं वाक्य शोभतं का, एवढंही नाही आलं डोक्यात? संकोच म्हणे! मला कधी संकोच वाटलाय? तुला चारचौघांत कान धरून घरी आणलंय मी.

धाकटा : ऐकून नव्हतं घेतलं. बघायला आलो होतो.

ताई : कधी?

धाकटा : कोपऱ्यापर्यंत. तिथूनच दिसलं. आईच्या नावाची पाटी काढलेली, जागेवर कंपनीचा बोर्ड. आईचं नाव खाली, मुंगीएवढं. आत हा कपाटाएवढा फ्रिज, दिवे लावलेला, आणि त्यात सगळा त्यांचा माल. मग म्हटलं, खरंच असेल. परत फिरलो.

ताई : कोपऱ्यापर्यंत आलास आणि परत गेलास?

धाकटा : वाईट वाटलं.

ताई : वाईट वाटलं तर भांडायचं. बहीण कशाला असते मग? आणि बोर्ड त्यांनी फुकट रंगवून दिला. फ्रिजही फुकट. मला काय माहीत आईचं नाव एवढं बारीक काढतील? मी म्हटलं होतं मोठं काढा. म्हणाले, वरून डिझाइन येतं.

धाकटा : पिंजऱ्यातला तुकडाही उंदराला फुकटच मिळतो.

ताई : हे आता शहाणपण सुचतंय. एक फोन करता आला नाही तुला?

धाकटा : तुला आला?

ताई : मी का करू? मी मोठी आहे.

धाकटा : म्हणूनच तू करायचास.

ताई : वा रे वा! मोठ्यांनीच वाकायचं नेहमी. तू मोठा कधी होणार? टेम्पो चालवायला लागलास म्हणून मोठा नाही झालास.

धाकटा : बरं, माझं चुकलं. आता नीट सांग. बाटल्या त्याला कशा दिल्यास? पहिल्यापासून सांग.

ताई : पहिल्यापासून म्हणजे... पहिल्यांदा आला तेव्हा ऊन फार होतं. मी पाणी दिलं, चहा दिला. मागं तुझे रिकामे क्रेट दिसले त्याला. म्हणाला, हे कुणाचे, परत कसे जातात, कोण नेतं, किती दिवसांनी नेतं. मला वाटलं चौकस आहे बिचारा, धंदा शिकतोय. मी सांगितलं आपलं कौतुकानं.

धाकटा : काय सांगितलंस?

ताई : बाबा म्हणायचे तेच. भरलेली बाटली गिऱ्हाइकाची, रिकामी मालकाची. आमच्याकडे कुणाचीही गाडी कुणाच्याही बाटल्या घरी पोचवते. बेकरीवाला नेतो, दूधवाला नेतो. ज्याच्याशी बाबांचं उभं वैर होतं, तो पलीकडचा सोडावालासुद्धा आपल्या बाटल्या आणून टाकायचा. शिव्या देत टाकायचा, पण टाकायचा.

धाकटा : संपलं. तूच शिकवलंस त्याला.

ताई : मला काय ठाऊक मी साप पाळतेय! पुढच्या वेळी आला आणि म्हणाला, ताई, मी तुमच्या भावाच्या कारखान्यावरूनच चाललोय, द्या, पोचवतो. आता कुणी पोचवतो म्हटल्यावर आपण विचारतो का, खरंच का रे बाबा, म्हणून? आजपर्यंत विचारलंय कुणी? तुझी एक खेप वाचेल असं वाटलं मला. कापड मारून, पुसून दिल्या.

धाकटा : आणि दर वेळी देत गेलीस.

ताई : मग एकदा तो म्हणाला, आता तर भाऊ आमचाच झाला, सही झाली, बाटल्या एकाच घरात जातात. मग मी काही बोलेनाशी झाले. येईल तेव्हा रिकाम्या दाखवायचे, उचल म्हणायचे.

धाकटा : बदल्यात काय द्यायचा?

ताई : कशाच्या बदल्यात?

धाकटा : ताई, मागे भिंतीला लागलेत ते क्रेट. एवढा माल तू विकत घेत नाहीस. तुझं दुकान मला माहीत आहे.

ताई : ... रिकाम्या क्रेटमागं एक भरलेला ठेवून जायचा. म्हणायचा, कंपनीची भेट आहे, वितरकाच्या घरच्यांना मिळते.

धाकटा : म्हणजे मिळालं.

ताई : मिळालं.

धाकटा : माझ्या बाटल्या दिल्यास आणि त्यांचा माल घेतलास.

ताई : असं नको म्हणूस.

धाकटा : मग कसं म्हणू? तूच शिकव. सख्ख्या बहिणीनं भावाच्या गळ्याला नख लावलं, असं म्हणू? मी गावभर कुत्र्यासारखा बाटल्या हुंगत फिरतोय आणि तू इथं...

ताई : मला वाटलं तुझ्यामुळे मिळतंय! ऐक ना. मला वाटलं, मला सांगायचं धाडस नाही त्याला, म्हणून हे असं पाठवतोय. राग होता तुझा, पण मनात कुठंतरी बरंही वाटायचं. अरे, मी गिऱ्हाइकांना सांगून विकत होते. घ्या म्हणायचे, माझ्या भावाच्या कंपनीचं आहे.

धाकटा : असं सांगायचीस?

ताई : तर काय. मूर्ख बाई मी. हस की.

धाकटा : हसू येत नाहीये.

ताई : रडू पण नकोस मग. तुला रडताना बघितलं की माझ्या हातून कामं होत नाहीत. ... ऐकलंस? हॉर्न वाजला. तोच आहे. आज त्याचा वार.

धाकटा : टेम्पो ओळखेल माझा.

ताई : तुझ्या टेम्पोवर आता ओळखण्यासारखं काय उरलंय? रंगसुद्धा नाही. जा, त्या साखरेच्या पोत्यांमागं उभा राहा.

धाकटा : कशाला? समोरासमोरच होऊ दे.

ताई : समोरासमोर झालं की तो कानावर हात ठेवणार, आणि तू मला पुन्हा भुवया दाखवणार. तुझ्या कानानं ऐक. जा म्हणते ना!

गाडीवाला : ताई! काय ऊन आहे हो! तुमच्या दुकानात शिरलं की जीव गार होतो बघा. तब्येत काय म्हणते? दाजी नाहीत?

ताई : नाहीत. बस. पाणी घे.

गाडीवाला : तुमच्या हातचं पाणी म्हणजे अमृत. आज आवाज असा का? सर्दी झाली का?

ताई : धुळीनं. कुठून आलास?

गाडीवाला : वरची सगळी लाइन करून आलो. आज टार्गेट मोठं आहे. तुमच्याकडे रिकाम्या आहेत का काही? द्या, भावाकडूनच चाललोय, पोचवतो.

ताई : भावाकडून? भेटतो का रे तो तुला?

गाडीवाला : भेटतो म्हणजे? काल तर एकत्र चहा घेतला आम्ही. मजेत आहेत दादा. नवा शर्ट होता अंगात. म्हणाले, ताईला सांग, काळजी करू नको, कामाच्या गडबडीत येता येत नाही.

ताई : असं म्हणाला?

गाडीवाला : डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या तुमचं नाव काढल्यावर.

धाकटा : कुठल्या हॉटेलात घेतला रे आपण चहा?

गाडीवाला : ... दादा. तुम्ही इथे.

धाकटा : आणि शर्ट कुठल्या रंगाचा होता? मलाही कळू दे. नवा शर्ट घेऊन मला दोन वर्षं झाली.

गाडीवाला : दादा, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. म्हणजे काल नाही, बहुतेक ते दुसरे कुणीतरी...

ताई : बसून राहा. दाराकडे बघू नकोस. माझ्या घरचा चहा प्यायलायस तू.

गाडीवाला : ताई, गाडी रस्त्यात आहे, मागून हॉर्न देतील.

ताई : देऊ देत. बाटल्या कुठायत?

गाडीवाला : पोचवल्या की.

ताई : हा उभा आहे तुझ्यासमोर. ज्याला पोचवल्या तो. आता पुन्हा म्हण पोचवल्या.

धाकटा : हिला सांगितलंस मी कंपनीत गेलो. मला सांगितलंस हिला माझा सोडा नको. घरात आग लावून तुला काय मिळालं रे? आमचं तुझं काही देणंघेणं होतं?

गाडीवाला : दादा, ती वाक्यं माझी नाहीत. पाठ करून घेतात आमच्याकडून. हॉलमध्ये बसवतात, पंखा असतो, जेवण असतं. दुकानदाराशी काय बोलायचं, कारखानदाराशी काय बोलायचं, सगळं छापलेलं असतं. बाईमाणूस असेल तर ताई म्हणायचं. पाणी मागायचं. पाणी दिलं की माणूस आपला होतो, असं शिकवतात.

ताई : म्हणजे तुला तहानसुद्धा लागली नव्हती.

गाडीवाला : तहान लागायची, ताई. खरंच लागायची.

धाकटा : कोण शिकवतं हे? तुझा साहेब?

गाडीवाला : साहेबाला साहेब आहे. त्यालाही वर कुणीतरी आहे. सगळ्यात वरचा कुठं बसतो ते कुणालाच माहीत नाही. समुद्रापलीकडे म्हणतात. त्याला तुमचं माझं तोंड माहीत नाही, दादा. त्याच्यापर्यंत नुसता आकडा जातो. या भागात दुसऱ्यांची काच किती उरली, तो आकडा.

ताई : शून्य झाला की पेढे वाटणार असतील.

गाडीवाला : शून्य झाला की भाव वाढवणार, ताई. आत्ता फुकट टाकतोय तो माल तेव्हा दुप्पट होईल. हे आम्हाला बोलायचं नसतं.

धाकटा : बाटल्या कुठायत ते सांग. भाव मी बघतो नंतर.

गाडीवाला : गोदामामागं मोठा खड्डा आहे. तिथं.

धाकटा : आणून ठेवल्यात? मग आत्ता जाऊ आपण.

गाडीवाला : ठेवलेल्या नाहीत. फोडतात.

धाकटा : सगळ्या?

गाडीवाला : त्याच दिवशी. ठेवायच्या नाहीत असा हुकूम आहे. फोडायला मुद्दाम एक म्हातारा माणूस ठेवलाय. पण त्याचं काम फार हळू. मुकादम ओरडत असतो त्याच्यावर. तो म्हातारा प्रत्येक बाटली आधी धुऊन घेतो.

ताई : धुऊन? फोडायच्या आधी?

गाडीवाला : हो. ब्रश फिरवतो, उजेडाला धरून बघतो, मग फोडतो. सगळे हसतात त्याला. म्हणतो, हाताला सवय आहे, अशी घाण बाटली हातावेगळी करवत नाही.

धाकटा : त्याचा डावा हात थरथरतो का रे?

गाडीवाला : ओळखता तुम्ही?

धाकटा : आमच्या कारखान्यातले काका आहेत ते. बाबांच्या वेळेपासून बाटल्या धुवायचे. मीच सांगितलं त्यांना, काका, आता धुवायला बाटल्याच नाहीत, घरी बसा. म्हणाले, मी दुसरीकडे बघतो काहीतरी, तू वाईट वाटून घेऊ नको. मला वाटलं मुलीकडे गेले.

ताई : बस तू. खाली बस. पाणी पी.

धाकटा : नको. गाडीत काय आहे तुझ्या?

गाडीवाला : माल आहे.

धाकटा : मागच्या बाजूला ताडपत्रीखाली?

गाडीवाला : ... आजच्या रिकाम्या. वरच्या लाइनच्या दुकानांतल्या.

धाकटा : माझ्या?

गाडीवाला : तुमच्याच आहेत बऱ्याचशा. दादा, पण त्यांचे फोटो गेलेत वर. प्रत्येक क्रेटचा फोटो टाकावा लागतो फोनवरून, तरच ती खेप धरतात. गोदामात कमी उतरल्या तर मला उद्या गाडीवर घेणार नाहीत. घरी दोन लेकरं आहेत माझी.

धाकटा : माझ्याकडे बघून सांग. माझ्या घरी काय दगड आहेत?

ताई : तू गप्प राहा. त्याच्याशी मी बोलते. हे बघ, तुझं नाव कुठंही येणार नाही. फोन काढ आणि कळव वरती. या दुकानातल्या बाईनं गाडी अडवली, आरडाओरडा केला, माणसं गोळा केली, आणि बाटल्या उतरवून घेतल्या. दुकानाचं नाव घाल. पत्ता घाल. हवा तर माझा फोटो काढ, डोळे वटारून देते.

गाडीवाला : ताई, असं कळवलं तर फ्रिज उचलून नेतील उद्याच्या उद्या.

ताई : नेऊ देत.

गाडीवाला : माल बंद करतील. तुमच्याकडे कुणीच टाकणार नाही मग. आणि तुमचा जुना फ्रिज तर तुम्ही दिलात ना, नवा आल्यावर? मीच नेला होता गाडीत घालून.

ताई : तोही तूच नेलास. शाबास. काही राहिलंय का न्यायचं?

धाकटा : ताई, थांब जरा. घाईनं बोलू नकोस. दाजींना विचार. उन्हाळा अजून निम्मा आहे. थंड काही नसलं तर तुझ्याकडे कोण वळणार? शेजारचा लगेच लावून घेईल त्यांचा फ्रिज.

ताई : लावू दे. त्यालाही ताई म्हणायला कुणीतरी जाईलच. तसाही त्या फ्रिजमध्ये माझ्या घरची दुधाची पिशवी ठेवायची चोरी. परवा लिंबं ठेवली तर यानंच बाहेर काढून गल्ल्यावर ठेवली. म्हणे, कंपनीचा नियम आहे. माझ्या दुकानात माझ्या लिंबांना जागा नाही!

धाकटा : दाजी ओरडतील.

ताई : ओरडतील. दोन दिवस जेवणार नाहीत. मग जेवतील. त्यांचं मी बघते, तुझं तू बघ. उद्या सकाळी डेपोत माल जायचाय ना?

धाकटा : जायचाय. पण या किती आहेत? उद्याचं भागेल. परवाचं काय? बाकीच्या दुकानांत सगळीकडे फ्रिज लागलेत, ताई. भरलेल्या तरी ठेवायच्या कुठं?

ताई : माझ्याकडे ठेव. पायरीवर ओल्या पोत्याखाली ठेव, बाबा ठेवायचे तशा. परवाचं मला माहीत नाही. मी काय ज्योतिषी आहे? आज त्या बाटल्या खड्ड्यात जाणार नाहीत, एवढं मला कळतंय. सोड ती ताडपत्री.

गाडीवाला : मी सोडतो. तिची गाठ अवघड आहे. दादा, तुम्ही खालून धरा. जपून, कडेचा क्रेट मोडका आहे.

धाकटा : तू कशाला हात लावतोस? तुझी नोकरी जाईल.

गाडीवाला : आरडाओरडा झालाय ना? माणसं गोळा झालीत ना? मग मी एकटा काय करणार? ... ताई, आता मी काय म्हणू तुम्हाला?

ताई : काही म्हणू नकोस. क्रेट दे.

धाकटा : इकडे, टेम्पोत मागच्या बाजूला. हां. सरकव. ताई, तू नको उचलूस, कंबर धरेल.

ताई : धरू दे. द्यायला धरली नाही, घ्यायला बरी धरेल. हा घे. सगळे आले का? मोजून घे.

धाकटा : मोजायचं काय त्यात? तूच देतेयस ना.

ताई : म्हणूनच मोज.